कप-बशीची पारख बशीपासून

आपल्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातल्या एका प्रदर्शनातून आपण चाकावर घडवलेल्या दोन कप-बशा घेतल्या. एक काळपट तपकिरी आणि चकचकीत आहे, दुसरी फिकट निळसर हिरवी आणि मॅट. दोन्ही आवडल्या, पण नेमके काय आवडले ते सांगता येत नाही. तपकिरी कपावर ग्लेझचा, म्हणजे मातीवरच्या काचेसारख्या लेपाचा, एक ओघळ बुडापाशी येऊन थांबला आहे, तो दोष मानावा की शोभा, हे कळत नाही. निळ्या कपात आतल्या बाजूला महिन्याभरातच बारीक चिरांचे जाळे दिसू लागले आहे. आणि सासूबाईंनी ‘या बशीत चहा ओतून पिता येत नाही, मग ही बशी कसली?’ असा आक्षेप घेतला आहे. मी बडोद्यात बरीच वर्षे चाकावर काम करतो आणि शिकवतोही, त्यामुळे हे उत्तर घडवणाऱ्याच्या बाजूचे आहे, संग्राहकाच्या बाजूचे नव्हे. सुरुवात सासूबाईंच्या आक्षेपापासून करतो, कारण आपल्या सगळ्या प्रश्नांत तोच सर्वांत नेमका आहे.

आजकाल स्टुडिओत कप मन लावून घडवला जातो आणि बशी उरकली जाते. प्रदर्शनात आलेला माणूस कप उचलून पाहतो, बशी टेबलावरच राहते, आणि घडवणाऱ्यालाही हे ठाऊक असते. त्यामुळे मधे एक गोल खळगा पाडलेली छोटी सपाट ताटली ‘बशी’ म्हणून खपून जाते. वास्तविक बशीचा इतिहास वेगळा आहे. चीनमधून युरोपात गेलेले चहाचे प्याले लहान आणि बिनकानाचे होते, आणि त्यांच्या जोडीच्या बशा चांगल्या खोलगट होत्या. १७१० मध्ये जर्मनीतल्या मायसेनला पोर्सेलिनचा कारखाना सुरू झाला, तरी त्यानंतरही बराच काळ युरोपात कानाचे आणि बिनकानाचे असे दोन्ही प्रकारचे कप बनत राहिले. गरम चहा बशीत ओतून निववून पिण्याची रीत इंग्लंड-अमेरिकेतही रूढ होती. चहा बशीत ओतल्यावर ओल्या कपाचा डाग टेबलावर पडू नये म्हणून, तो कप ठेवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात काचेच्या चिमुकल्या ताटल्याही वेगळ्या निघाल्या. त्यामुळे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या घरात आजोबा बशीवर फुंकर घालून चहा पितात तेव्हा ते बशीचे मूळचेच काम करत असतात.

बशीचे दुसरे काम म्हणजे कपाची बैठक. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये चॉकलेट पिण्यासाठी अशा बशा निघाल्या की ज्यांच्या मध्यभागी कपाभोवती उंच कडे असे. पिणाऱ्याचा हात थरथरला तरी कप जागचा हलू नये, हा त्यामागचा हेतू होता, आणि ‘ट्रेम्ब्लूझ’ हे त्यांचे नावही त्या थरथरण्यावरूनच पडले. बैठकीच्या दृष्टीने ही फार उत्तम व्यवस्था आहे. चहा ओतून पिण्याच्या दृष्टीने मात्र अगदी निरुपयोगी, कारण चहा त्या कड्यात अडकून बसणार. म्हणजे बशीकडून आपल्या दोन अपेक्षा असतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. बैठकीसाठी खळगा आणि त्याची कड हवी. पिण्यासाठी मध्यापासून काठापर्यंत सलग, अडथळा नसलेला उतार हवा. चांगला घडवणारा या दोहोंचा मेळ कसा घालतो, ते पाहण्यात बशीची निम्मी पारख आहे. माझ्या पाहण्यातल्या उत्तम बशांमध्ये खळगा अगदी उथळ असतो आणि त्याची कड बोटाला जाणवते, पण डोळ्याला जेमतेम दिसते. बशी तिरपी केली की शेवटचा घोट त्या कडेवरून विनासायास पुढे येतो आणि मागे चहाचे कंकण उरत नाही. आपल्या बशीत दोन चमचे पाणी घालून ती ओठाकडे झुकवून पाहा. किती पाणी मागे राहते त्यावरून घडवणाऱ्याने कोणत्या कामाचा विचार केला होता ते कळेल.

घडवण्याच्या दृष्टीनेही बशी कपापेक्षा कठीण असते, हे सहसा कोणी सांगत नाही. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला घट्ट भाजलेल्या मातीच्या भांड्यांची, भाजणी साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला होते, आणि त्या तापमानाला माती किंचित मऊ पडते. कपाची भिंत उभी असल्यामुळे स्वतःचा भार सहज पेलते, पण बशीचा काठ आडवा, अधांतरी पसरलेला असतो. खालची बैठकीची कड फार लहान ठेवली तर काठ खाली कलतो. फार मोठी ठेवली तर मधला भाग खचतो. म्हणून ती कड बहुधा एकूण रुंदीच्या निम्म्याहून थोडी अधिक ठेवतात. चाकावर असताना मधली माती नीट दाबून घेतली नाही, तर वाळताना किंवा भाजताना तळाला इंग्रजी एस अक्षरासारखी नागमोडी भेग पडते. वाळवण्याची घाई केली की काठ आधी आकसतो आणि बशी वेडीवाकडी होते. आपली बशी सपाट फरशीवर ठेवून काठ बोटाने दाबून पाहा. ती डुगडुगत नसेल आणि काठाची उंची सगळीकडे जवळजवळ सारखी असेल, तर बशी संयमाने वाळवलेली आहे असे समजा.

यात आकसण्याचाही हिशेब असतो. ओल्या मातीपासून पक्क्या भाजणीपर्यंत स्टोनवेअरची माती साधारण १० ते १३ टक्के आकसते. ओली असताना १५० मिलिमीटर रुंद असलेली बशी भट्टीतून सुमारे १३२ मिलिमीटरची होऊन निघते. कपाचे बूडही आकसते आणि बशीचा खळगाही. दोघांची माती एकच नसेल, किंवा बशी मागाहून अंदाजाने केली असेल, तर जोडी जमत नाही. कप खळग्यात आपोआप सरकून बसावा आणि भोवती एक-दोन मिलिमीटर मोकळीक राहावी. कप उचलताना बशी चिकटून वर येता कामा नये. कपाच्या बुडाची कच्ची, बिनग्लेझची कड बशीच्या ग्लेझवर खरखरत असेल, तर भाजणीनंतर ती कड बारीक पॉलिशपेपरने घासण्याचे काम राहून गेले आहे. हे काम अर्ध्या मिनिटाचे असते, आणि ते केले आहे की नाही यावरून मला त्या स्टुडिओच्या शिस्तीची बरीच कल्पना येते.

आता कप बशीवर ठेवा आणि जोडी एकत्र पाहा. वरून पाहताना कपाचा कान बशीच्या काठाच्या आत राहतो का? तो बाहेर डोकावत असेल, तर जोडी वरच्या बाजूला जड वाटते आणि ट्रेमध्ये शेजारच्या कपाला धक्काही लागतो. बाजूने पाहताना बशीच्या काठाचा उठाव आणि कपाच्या भिंतीचा कल यांचे काही नाते दिसते का? ते सारखेच असले पाहिजेत असे नाही. सरळ उभ्या कपाखाली पसरट, हळूच वर वळलेली बशी फार शोभते. पण कपाची रेघ भरदार आणि गोल असून बशी कोरडी आणि ताठ असेल, तर दोन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मनःस्थितीत केलेली कामे एकत्र ठेवल्याचे जाणवते. शेवटी, भरलेला कप असलेली बशी एका हाताने धरून चार पावले चाला. अंगठा काठावर आणि चार बोटे खाली अशी पकड घ्यायला काठ पुरेसा रुंद आहे का, हे पाहुण्यांना चहा देणाऱ्या माणसाला एका क्षणात कळते. प्रदर्शनातल्या दिव्यांखाली ते कधीच कळत नाही.

कपाकडे वळतो. कप हातात आला की मी तो आधी उलटा करतो. जपानी चहाच्या समारंभात पाहुणा चहा पिऊन झाल्यावर वाडगा सावकाश फिरवून, तिरका करून त्याचे बूड पाहतो, आणि ही रीत अगदी व्यवहारी आहे. बुडाशी ग्लेझ नसते, त्यामुळे मातीचा खरा रंग आणि पोत तिथेच दिसतो. माती चामड्याइतकी घट्ट झाल्यावर कप पुन्हा चाकावर उलटा ठेवून जादा माती सोलून काढतात आणि बुडाची कड कोरतात. हत्यार कसे फिरले आहे ते तिथे वाचता येते. दोन-तीन ठाम फेऱ्यांत काम संपवलेले असेल तर खुणा स्वच्छ आणि सलग असतात. कोणी चाचपडत, पुन्हा पुन्हा सारवासारव केली असेल तर पृष्ठभाग दमलेला दिसतो. ग्लेझ जिथे संपते ती रेघही पाहा. ती काळजीपूर्वक पुसून सरळ केलेली असो की मुद्दाम लाटेसारखी सोडलेली असो, पण ती विचारपूर्वक असली पाहिजे.

मग वजन. कप उचलण्यापूर्वीच डोळा त्याच्या वजनाचा एक अंदाज बांधतो आणि हात तो ताडून पाहतो. कप दिसतो त्यापेक्षा जड लागला, तर बहुधा तळाशी आणि भिंतीच्या खालच्या भागात माती राहून गेलेली असते. शिकाऊ कामाची ही सर्वांत सार्वत्रिक खूण आहे. उलट, हलकेपणा हाच एकमेव गुण मानण्याचेही कारण नाही. आपल्या घरी बोन चायनाचे कप असतील; त्या मातीत जवळपास निम्मा भाग हाडांच्या राखेचा असतो, कप साच्यात बनतात आणि भिंत इतकी पातळ असते की उजेड आरपार दिसतो. स्टोनवेअरकडून तसल्या पातळपणाची अपेक्षा करणे चुकीचे आहे. स्टोनवेअरची जाडी हाताला ऊब देते आणि चहा जरा जास्त वेळ गरम ठेवते, मात्र त्या बदल्यात कप आधी गरम पाण्याने विसळून घेतला नाही तर पहिल्या मिनिटात चहातली बरीच उष्णता ती स्वतःच शोषून घेते.

आकाराबद्दल बोलताना लोक ‘सुबक’ म्हणून मोकळे होतात. मी विद्यार्थ्यांना बुडापासून काठापर्यंतची बाहेरची एकच रेघ मनातल्या मनात काढायला सांगतो. ती रेघ कुठे दिशा बदलते? चांगल्या कपात दिशा बदलण्याची एकच, फार तर दोन ठिकाणे असतात आणि ती ठसठशीत असतात: बुडाजवळ भिंत वळते ती जागा, आणि कदाचित काठाखालची किंचितशी कंबर. कच्च्या आकारात रेघ पाच ठिकाणी थोडी थोडी वळते आणि कुठेच निश्चय दिसत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे आतली रेघ. बाहेरचा आकार कितीही देखणा असला, तरी आत तळ आणि भिंत यांच्यामध्ये कोपरा असेल तर साखर तिथे साचते आणि चमचा अडखळतो. चाकावर आतला हात बाहेर दाब देतो आणि बाहेरचा हात त्याला अडवतो, म्हणून चांगल्या कपात आतून भरत आल्याचा एक भाव असतो. साच्यात ओतलेल्या कपात हा भाव आणता येतो, पण तो क्वचितच आणलेला दिसतो.

काठ ओठाला लागतो, म्हणून तो आतून-बाहेरून किंचित गोलावलेला आणि भिंतीपेक्षा जरा बारीक असावा, इतके सगळेच सांगतात. पण आपल्याकडच्या सवयीमुळे काठाची आणखी एक परीक्षा असते. चहा बशीत ओतताना तो कपाच्या बाहेरच्या अंगावरून खाली ओघळतो का? द्रव सावकाश ओतला की जाड, गोल काठाला तो चिकटून राहतो आणि वळून मागे येतो. काठ बाहेरच्या बाजूला जरासा कललेला असेल आणि त्याची बाहेरची कड थोडी तीक्ष्ण असेल, तर धार सुटून पुढे पडते. ओठाला मऊ आणि धारेला तीक्ष्ण, अशी ही कसरत एक-दोन मिलिमीटरच्या जागेत करावी लागते. ज्याने स्वतः कधी बशीतून चहा प्यायलेला नाही, त्याला हा प्रश्नच पडत नाही.

कानाबद्दल मात्र विस्ताराने सांगायला हवे, कारण बहुतेक कप इथेच नापास होतात. चांगला कान ओल्या हाताने माती ओढून लांबवत केलेला असतो, त्यामुळे तो मुळाशी जाड आणि पुढे निमुळता होत जातो. तो कपाच्या अंगातून निघाल्यासारखा दिसावा, वरून डकवल्यासारखा नव्हे. वरचा सांधा काठाच्या थोडा खाली आणि खालचा सांधा जिथे भिंत बुडाकडे वळू लागते त्या सुमारास असला, की पकड नैसर्गिक वाटते. दोन बोटे आत जावीत, तिसरे खालून टेकावे, आणि बोटांची पेरे कपाच्या गरम अंगाला लागू नयेत. कानाचा छेद गोल असेल तर भरलेला कप बोटांत फिरतो. चपटा, कडांना मऊ केलेला कान स्थिर राहतो. कपाचे वजन २५० ग्रॅम आणि त्यात १८० मिलिलिटर चहा धरला, तर दोन बोटांवर ४०० ग्रॅमहून अधिक भार येतो. म्हणून रिकामा कप हातात धरून निर्णय देऊ नये. विक्रेत्याकडे पाणी मागावे. त्याने कपाळाला आठ्या घातल्या तरी मागावे.

कानाच्या बाबतीत एक बारकावा असा, की चाकावर ओढलेल्या मातीला पीळ बसलेला असतो आणि भट्टीत तो थोडा उलगडतो. पोर्सेलिनमध्ये हे विशेष जाणवते. त्यामुळे अगदी उभा लावलेला कान भाजणीनंतर जरासा कललेला निघू शकतो, आणि अनुभवी माणूस तो आधीच उलट्या बाजूला किंचित कलता लावतो. तसेच कानाच्या ओढीमुळे काठ पूर्ण गोल न राहता थोडा लांबट होतो. आपल्या कपाचा काठ वरून पाहताना असा दिसला, तर तो निष्काळजीपणा समजू नका.

आता पृष्ठभाग. ग्लेझ म्हणजे मातीवर वितळवलेली काच. सिलिका, अ‍ॅल्युमिना आणि वितळण्यास मदत करणारी द्रव्ये भट्टीत एकजीव होऊन वाहू लागतात. वाहताना ग्लेझ काठावरून आणि कडांवरून सरकून पातळ होते आणि खोलगट जागी साचून जाड होते. म्हणजे आकार कसा आहे हे ग्लेझ आपोआप सांगत जाते, आणि म्हणूनच आकार आणि पृष्ठभाग यांना वेगवेगळे गुण देत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. काळपट तपकिरी ग्लेझच्या तेनमोकू घराण्यात लोहाचे प्रमाण साधारण ८ ते १० टक्के असते. जिथे थर जाड तिथे ते काळे दिसते आणि काठावर, कानाच्या धारेवर, चाकाच्या वलयांवर पातळ होऊन गंजाच्या रंगाचे होते. गंमत अशी, की तेच लोह एक-दोन टक्क्यांवर आणले आणि भट्टीत हवा कमी ठेवून भाजले, तर सेलाडॉनचा फिकट हिरवा-निळा रंग मिळतो. आपला तपकिरी कप खिडकीशी नेऊन काठावरची गंजाची रेघ पाहा. ती काठाबरोबर सारखी फिरते आणि वलयांवर पुन्हा पुन्हा उमटते, तेव्हा कपाच्या उंचवट्यांचा नकाशाच डोळ्यांसमोर येतो.

ओघळाचे उत्तर यातच आहे. ग्लेझ वाहणार हे घडवणाऱ्याला माहीत असते. त्याने बुडाच्या वर मोकळी जागा सोडली असेल, किंवा बुडाशी एक छोटी पायरी कोरून ओघळाला थांबायला जागा केली असेल, आणि ओघळ तिथे येऊन जाड थेंबासारखा थांबला असेल, तर ते कौशल्य आहे. आपल्या फोटोत तसेच दिसते. ओघळ खाली भट्टीच्या फळीला चिकटला आणि नंतर घासून काढला असेल, तर बुडाच्या कडेला सपाट, धारदार चट्टा लागतो. बोट फिरवून पाहिले की समजते. तो मात्र सुटलेल्या अंदाजाचा पुरावा. आणि ओघळ कुठे आहे हेही महत्त्वाचे. शांत कपावर एका बाजूला आलेला एकच ओघळ डोळ्याला थांबायला जागा देतो. सहाच्या सहा कपांवर ठरवून सोडलेले ओघळ पाहिले, की मला दुकानातल्या शोभेच्या केकची आठवण होते.

मॅट ग्लेझ वेगळ्या रीतीने काम करते. थंड होताना त्यात अतिसूक्ष्म स्फटिक तयार होतात, प्रकाश विखुरतो आणि खिडक्या-दिव्यांची प्रतिबिंबे पडत नाहीत; त्यामुळे छाया मऊ पडते आणि आकार चकचकीत कपापेक्षा अधिक स्पष्ट दिसतो. मॅट ग्लेझ दोष झाकत नाही, ही त्याची परीक्षाही आहे. बडोद्याला या बाबतीत थोर वारसा आहे. ज्योत्स्ना भट्ट (१९४०–२०२०) यांनी इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत अनेक वर्षे सिरॅमिक्स शिकवले, आणि मॅट व साटिन-मॅट ग्लेझवरचे त्यांचे प्रभुत्व सर्वमान्य होते. त्यांची भांडी, मांजरे, पक्षी पाहिले की ग्लेझचा आवाज किती खाली आणता येतो आणि तरीही वस्तू किती जिवंत राहते, हे समजते. मॅट कपावर स्टीलच्या चमच्याच्या करड्या रेघा उमटल्या तर घाबरू नका. ते ओरखडे नसून ग्लेझवर घासून राहिलेले स्टील असते, आणि खाण्याच्या सोड्याने हलक्या हाताने चोळल्यास बहुतेक निघून जाते.

आतल्या रंगाकडे लोक दुर्लक्ष करतात, पण चहा तिथेच असतो. चाकावर काम करणाऱ्या नामवंत कलाकार लूसी री (१९०२–१९९५) व्हिएन्नाहून १९३८ साली लंडनला आल्या आणि महायुद्धानंतर त्यांचे सहकारी हान्स कोपर यांच्यासह त्यांनी जी कप-बशांची जोडकामे केली, त्यांत बाहेरून मँगनीजचा गडद, कोरडा पृष्ठभाग आणि आतून पांढरे ग्लेझ अशी योजना अनेकदा दिसते. गडद बाह्यांगामुळे कपाची रेघ टेबलावर कोरल्यासारखी उठून दिसते, आणि पांढऱ्या आतल्या बाजूमुळे पेय स्वच्छ दिसते. पण ही योजना कोऱ्या चहाच्या आणि कॉफीच्या देशातली आहे. आपला दुधाचा, आले घातलेला चहा शुभ्र पांढऱ्यावर जरा तांबूस आणि छान दिसतो, हिरवट सेलाडॉनमध्ये मात्र राखाडी, निस्तेज दिसतो. तेनमोकूच्या काळोखात तर चहा किती उरला तेच कळत नाही. माझी पसंती आतून कोमट पिवळसर छटेच्या पांढऱ्याला आहे. दूध घातलेल्या चहाला तोच रंग मानवतो.

वाकडेपणाचा प्रश्न आपण थेट विचारला नाही, पण तो आपल्या पत्रात जागोजागी आहे. हल्ली जपानी सौंदर्यदृष्टीचा हवाला देऊन कोणत्याही वेड्यावाकड्या वस्तूचे समर्थन केले जाते. सोळाव्या शतकात चहा समारंभाचे जपानी आचार्य सेन नो रिक्यू यांच्या काळात घडलेले राकू वाडगे हाताने चिमटत घडवलेले, कमी तापमानाला भाजलेले आणि दोन्ही तळहातांत धरायचे असतात. त्यांची ओबडधोबड कड तळहाताला जागा देते, म्हणून ती तिथे सार्थ आहे. कप-बशी ही मुळात एकमेकांत बसण्याची वस्तू आहे. तिथे तोच तर्क लावता येत नाही. माझी कसोटी सोपी आहे. हा वेडावाकडेपणा कृतीतून आला आहे की कृतीवर लादला आहे? चाकाची वलये, बोटाने दाबलेली कानाची मुळी, माती थोडी सैल असताना कप उचलताना काठाला आलेला हलका झोल, हे कृतीतून येते. आधी नेटका केलेला कप मागाहून एका बाजूने चेपला, तर ते बहुधा दिसून येते, कारण चेपलेल्या जागी वलयांची गती मधेच तुटते.

कारखानेही आता हातकामाचा भास निर्माण करतात. आपल्या गुजरातेत थानगढ, मोरबी, वांकानेर हा मोठा सिरॅमिक पट्टा आहे, आणि तिथले जिगर-जॉलीचे तंत्र (फिरत्या साच्यात पात्याने माती दाबून आकार देण्याचे) उत्तम कप बनवते. त्याला मी नाके मुरडणार नाही. पण जिगर-जॉलीच्या कपावर मुद्दाम पाडलेली वलये आणि ठिपके असतील, तर दोन कप शेजारी ठेवा. दोन्हींवर तेच वलय त्याच उंचीवर असेल, तर ते साच्यातले आहे. लोखंडी ठिपक्यांचेही तसेच. मातीतल्या लोहकणांचे ठिपके ग्लेझखालून वर येतात, त्यांना लहान-मोठे, गडद-फिकट असे भेद असतात आणि ते बुडाच्या कच्च्या मातीतही दिसतात. बुडाशी माती शुभ्र आणि ग्लेझवर मात्र सारख्या मापाचे ठिपके, असे असेल तर ते वरून शिंपडलेले समजावे.

नजर घडवण्यासाठी पुस्तकांपेक्षा हाताळणी उपयोगी पडते. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये चीन-जपानचा विभाग आहे. तिथे वस्तू काचेआड असल्या तरी रेघा पाहता येतात. विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेच्या (फाइन आर्ट्सच्या) वार्षिक प्रदर्शनात विद्यार्थ्यांचे काम असते, आणि विद्यार्थी आपले कप आनंदाने हातात देतात. अपुरे काम पाहण्याचा मोठा फायदा म्हणजे अडचण कुठे येते ते उघड दिसते.

राहिला निळ्या कपातल्या चिरांचा प्रश्न. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसते, तेव्हा ते ताणले जाऊन त्यात असे जाळे पडते. हे कधी भट्टीतून निघतानाच होते, कधी काही आठवड्यांनी, गरम-थंडच्या आवर्तनांनंतर. सेलाडॉनच्या काही जुन्या परंपरांत ते मुद्दाम आणतात आणि चिरांत रंगही भरतात, पण रोजच्या चहाच्या कपात मी ते पसंत करत नाही. तरीही कप लगेच टाकण्याची गरज नसते. खालची माती पूर्ण भाजली गेली आहे का, हे आधी पाहा. कप कोरडा करून त्यात पाणी भरा आणि रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल आणि बुडाची कच्ची कड गडद झाली नसेल, तर माती पाणी पीत नाही आणि चिरा निव्वळ दिसण्यापुरत्या आहेत. त्यांत चहाचा रंग हळूहळू बसेल, इतकेच. कागदावर ओल उमटली, तर चहा-दूध मातीत मुरत आहे असे समजून तो कप पेनांसाठी ठेवा. त्याबरोबर लिंबाची एक चकतीही कपाच्या आत, ग्लेझला चिकटवून रात्रभर ठेवून पाहा. सकाळी त्या जागी रंग उतरला किंवा चकाकी गेली, तर ग्लेझ आम्लाला टिकत नाही, आणि असा कप चिरा असोत वा नसोत, खाण्यापिण्यासाठी वापरू नये. दोन्ही परीक्षा ठीक निघाल्या तर कप खुशाल वापरा, फक्त फ्रिजमधून काढलेल्या कपात उकळता चहा ओतू नका. सपाट बशीबद्दल त्या स्टुडिओला जरूर कळवा. याच कपाच्या बुडाचे माप देऊन खोलगट बशी करून मागता येते, आणि माती तीच असेल तर ती चांगली बसतेही.